कवचाची लांबी, मिलिमीटरमध्ये

सर्जेकोटच्या जेटीवर पहाटे साडेपाचला
मी, व्हर्नियर, आणि भिजू नये म्हणून
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली वही.
लिलावाआधी मला दहा मिनिटं मिळतात.
दमयंती खोबरेकर टोपली पायानेच पुढे सरकवते :
"मोज बाबा, मोज. मोजून वाढतत काय बघ."

चपटी शेवंड. तळहातात मावेल एवढी.
नांगी नाही, लांब मिशा नाहीत,
कपाळावर दोन रुंद पाती, खोऱ्यासारखी,
आणि डोळे कवचाच्या पार दोन कोपऱ्यांत,
वाटणीनंतर न बोलणाऱ्या भावांसारखे.
दिवसा वाळूत पुरून घेते स्वतःला,
रात्री उठते, शिंपले उघडत हिंडते.
दात आहेत तिला, पण पोटात.
आणि मुतते ती डोक्यातून.
हे एकदा मी दमयंतीला सांगितलं,
तर तिने लिलाव थांबवून सगळ्या जेटीला सांगितलं
आणि पुढचा महिनाभर मला कुणी नावाने हाक मारली नाही.

रक्त तिचं तांब्याचं, आपलं लोखंडाचं.
सांडलं तर आधी नुसतं पाणी वाटतं,
मग हवेत निळसर होत जातं,
दौत विसळल्यासारखं.

जन्मते तेव्हा ती शेवंड नसतेच.
काचेचं पान असतं, पाय फुटलेलं, आरपार.
वाहत जातं. वाटेत जेलीफिश भेटली
तर तिच्या पाठीवर बसतं,
तिच्यावरूनच प्रवास करतं
आणि भूक लागली की तिलाच थोडं थोडं खातं.
(हे मी दमयंतीला सांगितलेलं नाही.
तिचा जावई तिच्याकडेच राहतो.)

वाढायचं तर कवच फोडून बाहेर यावं लागतं,
पायांच्या टोकांसकट, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट.
मग काही दिवस ती मऊ असते
आणि कुठेतरी दडलेली असते.
माझ्या वहीत ते दिवस कधीच आलेले नाहीत.

शंभर ग्रॅम मांसात वीसेक ग्रॅम प्रथिनं,
चरबी जेमतेम एक,
जस्त, सेलेनियम, आयोडीन,
आणि बी-बारा, जे अख्ख्या भाजीच्या मळ्यात सापडत नाही.
हे मी शाळाशाळांतून बोलतो. आचऱ्याला, तोंडवळीला.
मागच्या बाकावरून हमखास एक आवाज येतो :
"सर, तुमका कशी आवडता? रश्शात काय सुकी?"

मी खाऊ शकत नाही.
सातव्या वर्षी, मामाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, एकच घास.
ओठ पावासारखे फुगले, गळा मिटत गेला,
मामी नव्या शालूत मला उचलून धावली दवाखान्यात.
तिच्या स्नायूत एक प्रथिन आहे,
उकळूनही न मोडणारं.
इतरांचं अंग त्याचं अन्न करतं.
माझं अंग त्याला दारातच ओळखतं आणि घर पेटवून देतं.
बावीस वर्षं मी तिला हातमोज्यातूनच ओळखतो.

आज एक अंडीवाली होती.
शेपटीखाली नारिंगी दाणे, अजून डोळे न धरलेले.
मी लिहिलं : मादी, अडुसष्ट, अंडी.
तोवर व्यापाऱ्याच्या माणसाने
तिच्यावर बर्फाचं घमेलं ओतलंही होतं.

टोपल्या उठल्या. दमयंती नोटा सरळ करत बसली होती.
"चव कशी असते गो?" मी विचारलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

ती हसली नाही. थुंकी लावलेलं बोट तसंच राहिलं.
"काय सांगू तुका. चांगली असता ती हाटेलात जाता.
आमच्या घराक येता ती फुटलेली, चेंगारलेली.
तिची चव विचार, तर सांगतंय."

मी वही चाळली.
वजन आहे, लिंग आहे, लांबी आहे, होडीचा नंबर आहे.
फुटलेल्यांचा रकाना नाही.
"सांग," मी म्हणालो,
आणि मागचं कोरं पान उघडलं.